खाटेपासून दप्तरापर्यंत

तुमच्यापैकीं पुष्कळांनीं केव्हां ना केव्हां एखाद्या आप्ताच्या समाचारासाठीं रुग्णालयांत पाऊल टाकिलें असेल. तेथें खाटेच्या उशाशीं एक पेटी ठेविलेली असते. तिच्या काळ्या पडद्यावर हिरवी रेघ सारखी धांवत असते, निरनिराळ्या रंगांचे आंकडे बदलत असतात, आणि मधूनमधून ती बारीक आवाज करिते. ह्या यंत्रास मॉनिटर म्हणतात. आजाऱ्याचे नातेवाईक त्या आंकड्यांकडे टक लावून बसतात. पण ते आंकडे पुढें कोठें जातात, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण आंकडा पडद्यावर उमटला एवढ्यानें रोग्याचें काम होत नाहीं. तो योग्य वेळीं, योग्य माणसाच्या नांवावर लिहिला जाऊन डॉक्टरांच्या दृष्टीस पडला, तरच त्याचा उपयोग.

ही गोष्ट मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. सुमारें दहा वर्षांपूर्वीं माझी आई फुप्फुसाच्या दाहानें आजारी होऊन एका रुग्णालयांत होती. मोठा वॉर्ड, आणि रात्रपाळीस एकच सिस्टर. ती बिचारी दर चार तासांनीं एकेका खाटेपाशीं जाई, नाडी, ताप, रक्तदाब व रक्तांतील प्राणवायु पाही, आंकडे हातांतील चिटोऱ्यावर टिपी, आणि सगळी फेरी आटोपल्यावर टेबलाशीं बसून ते ज्याच्या त्याच्या कागदावर उतरून काढी. त्या रात्रीं आईची खाट बदलली होती; आणि चिटोऱ्यावर नांवें नव्हतीं, नुसते खाटांचे क्रमांक होते. सकाळीं डॉक्टर आले, त्यांनीं कागद पाहिला, "ठीक आहे" म्हणाले व पुढच्या खाटेकडे वळले. मला मात्र आईचा श्वास ठीक वाटेना. मनगटावरील घड्याळ पाहून मीं मोजलें, तों एका मिनिटांत तीस श्वास भरले. मी डॉक्टरांच्या मागें धांवलों. ते परत आले, आणि मग उलगडा झाला कीं, आईच्या कागदावर दुसऱ्या एका बाईचे आंकडे चढले होते व आईचे त्या बाईच्या कागदावर. देवाच्या कृपेनें दोघीहि बऱ्या होऊन घरीं गेल्या. ती सिस्टर कोपऱ्यांत उभी राहून डोळे पुशीत होती. तिला बोल लावण्यास माझी जीभ उचलली नाहीं. तिनें मोजण्यांत चूक केली नव्हती. चूक झाली ती खाट आणि कागद ह्यांच्या मधल्या वाटेंत.

ही मधली वाट निर्धोक करण्यासाठीं आज जे उपाय चालले आहेत, त्यांपैकीं एक उपाय आपल्या सर्वांच्या परिचयाच्या वस्तूचा आहे. ती वस्तु म्हणजे स्मार्टफोन.

रोग्याचें शरीर व नोंदीची जागा हीं दोन्हीं टेलिफोननें जोडण्याची कल्पना मात्र नवी नाहीं. हॉलंड देशांत लायडन येथें विलेम आइंटहोव्हेन नांवाचे प्राध्यापक होते. हृदयाच्या ठोक्याबरोबर शरीरांत उत्पन्न होणारा विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह कागदावर रेखाटणारें यंत्र त्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध केलें. परंतु तें यंत्र सुमारें २७० किलो वजनाचें होतें व तें चालविण्यास पांच माणसें लागत. तें उचलून रोग्यापाशीं नेणें अशक्य, आणि अत्यवस्थ रोग्यास यंत्रापाशीं आणणेंहि अशक्य. रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारें दीड किलोमीटर दूर होतें. तेव्हां १९०५ सालीं आइंटहोव्हेन ह्यांनीं टेलिफोनच्या तारेचा आश्रय घेतला. रोगी रुग्णालयांतच मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसे, आणि त्याच्या हृदयाची रेघ तिकडे प्रयोगशाळेंत उमटे. ह्या शास्त्रज्ञास १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे आज फोन जें काम करूं पाहतो, त्याचा आरंभ शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच झालेला आहे.

आतां प्रथम मॉनिटर काय मोजतो तें पाहूं. छातीवर चिकटविलेल्या चकत्या हृदयाचा विद्युत्प्रवाह टिपतात. त्यावरून हिरवी रेघ व ठोक्यांची संख्या मिळते. श्वास घेतांना छाती फुगते व विजेस होणारा तिचा अडथळा किंचित् बदलतो. त्यावरून श्वासांची संख्या कळते. दंडावरील पट्टा आपोआप फुगतो व सैल होतो; त्या वेळीं रोहिणींतून जे हेलकावे येतात, त्यांवरून रक्तदाब ठरतो. सर्वांत नवलाचा भाग बोटावरील चिमट्याचा. त्यांतून दोन प्रकाश बोटांत शिरतात: एक लाल, दुसरा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त. प्राणवायूनें भरलेलें रक्त लाल प्रकाश पुष्कळसा जाऊं देतें व अवरक्त अधिक शोषून घेतें. प्राणवायु कमी झाला कीं हें प्रमाण उलटतें. परंतु बोटांत कातडी, मांस व हाडहि असतें. त्यांतून रक्ताचाच हिशेब वेगळा कसा काढावयाचा? जपानांतील ताकुओ आओयागी ह्या अभियंत्यानें ह्याची युक्ति शोधून १९७४ सालीं प्रसिद्ध केली. नाडीच्या प्रत्येक ठोक्यास जो प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच रोहिणींतील रक्तामुळें. जो स्थिर राहतो तो बाकीच्या भागांमुळें. स्थिर भाग सोडून द्यावा व बदलणारा तेवढा घ्यावा, म्हणजे सुई न टोंचतां रक्तांतील प्राणवायूचा अंदाज मिळतो.

हा झाला मॉनिटर. वाटेच्या दुसऱ्या टोंकास असतें रोग्याचें इलेक्ट्रॉनिक दप्तर. पूर्वीं ज्या गोष्टी कागदांच्या जुडग्यांत असत, त्याच आतां संगणकांत असतात: पूर्वींचे आजार, चाललेलीं औषधें, न सोसणारीं औषधें, रक्ताच्या तपासण्या, आणि प्रत्येक वेळेचे नाडी-तापाचे आंकडे. अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथील रेगेन्स्ट्रीफ संस्थेनें असें दप्तर १९७२ सालींच सुरू केलें होतें. ह्या दप्तराचा लाभ हा कीं, तें एकाच वेळीं अनेक डॉक्टरांस पाहतां येतें, हरवत नाहीं, आणि मागील चार दिवसांचे आंकडे एका ओळींत मांडून प्रकृति सुधारत आहे कीं खालावत आहे हें चटकन् दाखवितें.

तुम्ही म्हणाल, मॉनिटरहि विजेचा, दप्तरहि विजेचें. मग मॉनिटरानें आपले आंकडे दप्तरांत स्वतःच कां लिहूं नयेत? मोठ्या व श्रीमंत रुग्णालयांत तसें होतेंहि. परंतु त्यास खाटोखाट तारा, मध्यवर्ती संगणक व बराच पैसा लागतो. शिवाय एक अडचण भाषेची आहे. आपल्या देशांत १९५६ सालीं मापांचा नवा कायदा होण्यापूर्वीं एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशीं जुळत नसे, हें तुम्हीं वडील माणसांकडून ऐकलें असेल. यंत्रांचेंहि तसेंच. एका कारखान्याचा मॉनिटर नाडीस एक खूण देतो, दुसऱ्याचा दुसरी. म्हणून सर्वांस समान असे संकेत ठरविण्यासाठीं एच. एल. सेव्हन ही संस्था १९८७ सालीं स्थापन झाली. रेगेन्स्ट्रीफ संस्थेनेंहि १९९४ सालीं तपासण्यांस क्रमांक देण्याचें काम हातीं घेतलें; त्या यादींत हृदयाच्या ठोक्यांच्या संख्येस ८८६७-४ हा क्रमांक आहे. एच. एल. सेव्हनच्या 'फायर' नांवाच्या अलीकडील पद्धतींत प्रत्येक नोंद जणूं व्याकरणशुद्ध वाक्यच असते. वाक्यांत जसे कर्ता, कर्म व क्रियापद ओळखावयाचे, तसे नोंदींत पांच भाग पाहावयाचे: रोगी कोण, काय मोजलें, किती भरलें, कोणत्या परिमाणांत, आणि केव्हां. ह्यांतला एक भाग जरी गळला, तरी नोंद अपुरी. माझ्या आईच्या नोंदींत चार भाग बरोबर होते. पहिलाच तेवढा चुकला होता.

येथें स्मार्टफोन मध्यस्थ म्हणून उभा राहतो. त्याच्या कामाच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ओळखीची. रोगी दाखल होतांच त्याच्या मनगटावर नांवाची व बारकोडाची पट्टी बांधतात. परिचारिका फोनचा कॅमेरा त्या पट्टीवर धरते. पडद्यावर नांव व वय येतें. ती रोग्यास त्याचें नांव विचारून तें ताडून पाहते. खाटेचा क्रमांक येथें विचारांत घ्यावयाचाच नाहीं. कारण खाट बदलते, पट्टी मात्र रोग्याबरोबर जाते.

दुसरी पायरी आंकडे घेण्याची. नव्या यंत्रांत ब्लूटूथ असतें. त्याचा अगदीं थोड्या विजेवर चालणारा प्रकार २०१० सालीं निघाला, व त्यामुळें लहानशा चिमट्यासहि फोनशीं बोलतां येऊं लागलें. ज्या जुन्या मॉनिटरांस अशी सोय नाहीं, त्यांच्या पडद्याचें छायाचित्र घेऊन त्यावरील आंकडे फोनकडूनच वाचवून घेण्याची युक्ति आहे. ह्या युक्तीमुळें जुनें यंत्र टाकून द्यावें लागत नाहीं, हा लहान रुग्णालयांस मोठाच आधार होय.

तिसरी पायरी खातरजमेची. छायाचित्रावर उजेडाची तिरीप पडली तर ८ चे ३ होतात. दशांशचिन्ह दिसलें नाहीं तर ३८.४ अंशांचा ताप ३८४ होऊन बसतो. म्हणून फोन आंकडे आधीं दाखवितो, आणि परिचारिकेनें पाहून मान्य केल्यावरच ते पुढें जातात. ही पायरी कंटाळवाणी वाटते खरी. पण ती गाळणें म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हां न वाचतां देऊन टाकणें.

चौथी पायरी पाठविण्याची. आंकडे सांकेतिक रूपांत दप्तराकडे जातात, म्हणजे वाटेंत कोणाच्या हातीं पडले तरी त्यास ते वाचतां येत नाहींत. इंटरनेट बंद असेल तर फोन ते जपून ठेवतो व संपर्क येतांच पोंचवितो. मात्र नोंदीवर वेळ पडते ती मोजल्याची, पोंचल्याची नव्हे. पहाटे चारचा ताप सकाळीं सातचा म्हणून लिहिला गेला, तर औषध दिल्यावर ताप उतरला कीं चढला हेंच कळेनासें होईल.

आंकडे लवकर पोंचल्यानें काय साधतें, हें एका उदाहरणानें पाहूं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेनें २०१२ सालीं धोक्याच्या पूर्वसूचनेचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें व २०१७ सालीं तें सुधारलें. प्रत्येक मोजमाप निरोगी मर्यादेपासून जितकें दूर, तितके अधिक गुण. आणि येथें गुण जितके अधिक तितकी स्थिति वाईट. समजा, एका प्रौढ रोग्याचे श्वास मिनिटास २२ आहेत: गुण २. रक्तांतील प्राणवायु शेंकडा ९३: गुण २. वरचा रक्तदाब १०८: गुण १. नाडी १०४: गुण १. ताप ३८.४ अंश सेल्सिअस: गुण १. तो शुद्धीवर आहे व त्यास वेगळा प्राणवायु लावलेला नाहीं: गुण ०. आतां बेरीज करा. ती सात भरते. आणि सात किंवा अधिक गुण झाले कीं डॉक्टरांस तांतडीनें बोलवावें असा नियम आहे. पुन्हां पाहा: ह्यांतील एकहि आंकडा एकट्यानें भयंकर नाहीं. प्रत्येक थोडाथोडाच ढळलेला आहे. दमलेल्या माणसाची नजर अशा पांच लहान फरकांवरून सहज निसटते. बेरीज यंत्रानें केली कीं ती चुकत नाहीं, आणि निरोपहि तत्क्षणीं जातो.

ह्या कोष्टकाची पूर्वतयारी इंग्लंडांतील पोर्ट्समथ ह्या बंदराच्या शहरीं झाली होती. तेथील क्वीन अलेक्झांड्रा रुग्णालयांत व कॉव्हेंट्री येथील युनिव्हर्सिटी रुग्णालयांत परिचारिकांच्या हातीं लहान संगणक-यंत्रें देण्यांत आलीं. आंकडे परिचारिका स्वतःच भरीत. परंतु ते खाटेपाशींच भरले जात, गुणांची बेरीज यंत्र करी, व नोंद डॉक्टरांस दुसरीकडूनहि पाहतां येई. ह्या अनुभवाचा अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. पोर्ट्समथ येथें अभ्यासांत घेतलेल्या रोग्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ७.७५ दगावत, ते प्रमाण ६.४२ वर आलें. कॉव्हेंट्री येथें ७.५७ वरून ६.१५ वर आलें. ह्याचें सर्व श्रेय त्या यंत्रांस देतां येणार नाहीं, कारण ही तुलना आधींच्या व नंतरच्या काळाची आहे व त्या अवधींत उपचारांतहि इतर सुधारणा होत असतात. तथापि दोन वेगळ्या शहरीं एकाच प्रकारचा गुण दिसावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शेंभरांत एखादा जीव वाचला, असें आपण सहज म्हणतों; पण तो जीव कोणाची तरी आई असते.

आपल्या देशांतहि दप्तराच्या बाजूनें काम चालू आहे. छत्तीसगडांत बिलासपूरजवळ गनियारी ह्या खेड्यांत जन स्वास्थ्य सहयोग ह्या संस्थेचें रुग्णालय आहे. लहान रुग्णालयांस विनामूल्य वापरतां येईल अशी 'बाह्मनी' नांवाची संगणक-दप्तराची पद्धति प्रथम तेथें बसविण्यांत आली. ता. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें; त्यांत नोंदणी करणाऱ्यास चौदा आंकड्यांचा 'आभा' क्रमांक मिळतो. ज्या रुग्णालयांत नोंद झाली तेथेंच ती राहावी, आणि दुसऱ्यास ती रोग्याच्या संमतीनें दिसावी, असें ह्या योजनेचें धोरण आहे.

आतां दुसरी बाजूहि सांगणें माझें कर्तव्य आहे. यंत्रानें आणलेला आंकडा खराच असतो, अशी समजूत करून घेऊं नये. बोटें गार असलीं, नखांस रंग लाविलेला असला, किंवा रोगी हात हालवीत असला, तर चिमटा चुकतो. ह्याहून गंभीर गोष्ट २०२० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. चिमटा ज्या वेळीं शेंकडा ९२ ते ९६ प्राणवायु दाखवीत होता, त्याच वेळीं प्रत्यक्ष रक्त तपासतां तो ८८ हून कमी असल्याचें गोऱ्या रोग्यांच्या बाबतींत शेंकडा ३.६ वेळां आढळलें, तर कृष्णवर्णीय रोग्यांच्या बाबतींत ११.७ वेळां. कातडीचा रंग प्रकाश शोषून घेतो, ही गोष्ट यंत्र बनवितांना पुरेशी ध्यानांत घेतली गेली नव्हती. आपल्या देशांतील लोकांचा वर्ण पाहतां ही सूचना आपण कानाआड करतां कामा नये. चुकलेला आंकडा फोननें कितीहि वेगानें पोंचविला, तरी तो चुकलेलाच राहतो.

दुसरें भय खासगीपणाचें. रोग्याचा आजार ही त्याची स्वतःची ठेव आहे. परिचारिकेच्या घरच्या फोनवर मॉनिटराचें चित्र काढून तें सोयीसाठीं मित्रमंडळींच्या गटांत पाठविलें, तर काम झटपट होईल. पण ती ठेव चव्हाट्यावर येईल. ह्यासाठीं फोन रुग्णालयाचा असावा, त्यास कुलूपाचा संकेत असावा, आणि नोंद दप्तरांत पोंचतांच फोनवरून पुसली जावी. खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशानें २०२३ सालीं केला आहे. तिसरें भय स्वच्छतेचें: एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाणारा फोन हाताप्रमाणेंच पुसून स्वच्छ करावा लागतो. चवथें भय असें कीं, सूचनांचा घंटानाद अति झाला म्हणजे कान त्यास सरावतात, आणि खरी हांक आली तरी कोणी वळून पाहत नाहीं.

पालकांस व वडील विद्यार्थ्यांस माझी थोडकी विनंति आहे. आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याची वेळ आली, तर मनगटावरील पट्टीवर नांव बरोबर आहे काय हें वाचा. खाट बदलली तर कागद किंवा दप्तर तपासावें अशी नम्रपणें आठवण द्या. पडद्याकडे पाहाच, पण माणसाकडे त्याहून अधिक पाहा. श्वास मोजण्यास घड्याळ व एक पूर्ण मिनिट एवढेंच लागतें. तें तुमच्यांतील सहावीच्या मुलासहि येईल. शंका वाटली तर सिस्टरला सांगण्यास संकोच करूं नका, आणि सांगतांना ती किती तासांची उभी आहे हेंहि विसरूं नका.

चांगल्या शोमरोन्याची कथा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. त्यानें जखमा बांधल्या, जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, हें आपणांस आठवतें. परंतु दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यानें त्याला उतारशाळेच्या रखवालदाराच्या स्वाधीन केलें, खर्चाचे पैसे दिले, आणि काळजी घेण्यास बजाविलें, हा भाग आपण घाईनें वाचतों. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं रोगी नीट सोंपविणें, हाहि सेवेचाच एक भाग आहे. मॉनिटर, फोन व दप्तर हीं तिन्हीं त्या सोंपविण्याचीं साधनें आहेत. पुढें तुमच्यापैकीं कोणी अशीं यंत्रें बनवील, कोणी तीं हातांत घेऊन रात्रपाळीस उभी राहील. त्या वेळीं पडद्यावरील प्रत्येक आंकड्यामागें खाटेवर निजलेलें एक माणूस आहे, आणि त्याचें कोणीतरी उशाशीं जागत बसलें आहे, एवढें स्मरणांत ठेवा.